डिझेलातलं पाणी

त्या ऑपरेटरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आपली पिशवी भरत होता. जानेफळच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत, मालकाच्या शेतातल्या घरासमोर पोकलेन उभी होती. तिच्या साखळीवर चादर पसरून तो घडी घालत होता. घडी वाकडी आली म्हणून त्याने ती उलगडली आणि पुन्हा घातली. मी वर्कशॉपच्या गाडीतून उतरले तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या खांद्यावरच्या लॅपटॉपच्या बॅगेकडे पाहिलं. आपलं पुढे काय व्हायचं ते त्या बॅगेतून निघणार आहे हे त्याला माहीत होतं. मला अजून माहीत नव्हतं.

खामगावला जड मशीन दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मी काम करते. पोकलेन, लोडर, रोलर ही मशीनं आता नुसती लोखंडाची राहिलेली नाहीत. इंजिनावर ठिकठिकाणी सेन्सर असतात. एक तेलाचा दाब बघतो, एक इंजिन किती तापलं ते बघतो, एक डिझेलवर लक्ष ठेवतो. काही बिघडलं की ते इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतात. कॉम्प्युटर केबिनमध्ये दिवा लावतो आणि गरज वाटली तर इंजिनाचा जोर कमी करतो. मी जाते, लॅपटॉप जोडते, कोड वाचते, आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं. बिघाड इंजिनात आहे की बिघाड कळवणाऱ्या सेन्सरमध्ये, हे शोधून काढायचं.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. वडिलांचं बी-बियाण्याचं दुकान, घरात सगळे वऱ्हाडी बोलणारे, आणि शाळेत मराठी शब्द तोंडातून गेला की बाई वर्गाबाहेर उभं करायच्या. घरी उलट, माझी मराठी ऐकून चुलत भावंडं हसायची. मला गप्प राहायची सवय लागली. उत्तर पक्कं असेल तरच हात वर करायचा, हे शाळेनं शिकवलं आणि ते अंगात मुरलं. साइटवर माझं बोलणं आजही मोजकंच असतं. लोकांना तो गर्व वाटतो. मी कुणाचा गैरसमज दूर करत बसत नाही.

थंडी नुकती पडायला लागली होती. तक्रार अशी होती की सकाळी मशीन सुरू केलं की थोड्या वेळात केबिनमध्ये एक दिवा लागतो, बारीक शिट्टीसारखा आवाज होतो आणि मशीनच्या अंगातला जोर जातो. दुपारपर्यंत दिवा आपोआप विझतो, मशीन नीट चालतं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तो दिवा डिझेलमध्ये पाणी आलं की लागतो.

मालक मोठा शेतकरी होता. भावाबरोबर भागीत त्याने ही पोकलेन घेतली होती आणि ती आजूबाजूला भाड्याने द्यायचा. त्या वेळी जवळच्याच एका शेतकऱ्याकडे शेततळं खोदायचं काम चालू होतं. तिथे मशीन रोज सकाळी बसायला लागलं तेव्हा मालकाने चारचौघांत ऑपरेटरला डिझेलचोर म्हटलं. संध्याकाळी डिझेल काढून विकतो आणि तेवढंच पाणी ओततो, असं त्याचं म्हणणं. मग तो मशीन घेऊन आपल्या दारात आला आणि चाबी काढून खिशात ठेवली.

ऑपरेटर वरवट बकालजवळच्या एका गावचा. घरी बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. जिल्ह्यातले पोकलेनवाले एकमेकांना ओळखतात. एकाने डिझेलचोर म्हटलं की मेहकरपासून संग्रामपूरपर्यंत दुसरा कुणी त्या माणसाला आपल्या मशीनवर बसवत नाही. त्याच्या पिशवीचा अर्थ मला हे कळल्यावर लागला.

"मॅडम, तुमी मले एकच सांगा," मालक म्हणाला. "डिझेलात पाणी हाय का नाई?"

"आधी बघते."

"पाहा ना. मशीन सोताच सांगून राह्यली. सकाळी पाणी, दुपारी डिझेल. जादूची टाकी हाय आमची."

"टाकी तुमची, डिझेल तुमचं, पंपही तुमच्याच पाहुण्याचा," ऑपरेटर चादरीकडे बघतच म्हणाला. "मी नुसता भरतो."

"तूच भरतं ना बे! तेच तं मनून राह्यलो मी."

मी लॅपटॉप जोडला. कोड एकच होता आणि तो पुन्हा पुन्हा नोंदवलेला होता, बहुतेक वेळा सकाळी इंजिन सुरू झाल्यावर लगेच. डिझेल इंजिनात जाण्याआधी एका गाळणीतून जातं. पाणी असेल तर ते तिथे तळाशी साठतं आणि तळाशी बसवलेला सेन्सर ते ओळखतो. गाळणीच्या खाली एक छोटा नळ असतो. मी तो सोडून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत डिझेल घेतलं आणि बाटली स्थिर ठेवून वाट पाहिली. पाणी असतं तर खाली वेगळं दिसलं असतं. काही दिसलं नाही.

मला बरं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात मालक म्हणाला, "तुमी येऊन राह्यल्या हे त्याले सकाळीच मालूम होतं. सोडला असन नळ. पाणी गेलं, डिझेल राह्यलं."

"मग सकाळीच दिवा का लागतो?" मी विचारलं.

"रातभर पाणी खाली बसते ना मॅडम. दिवसा मशीन हालते, डुलते, सारं मिसळून जाते. म्हून दुपारी समजत नाई."

तो चूक बोलत नव्हता. पाणी डिझेलपेक्षा जड असतं, उभ्या टाकीत ते रात्रभरात तळाशी जातं, आणि सकाळी पहिल्यांदा तेच गाळणीत येतं. मला कॉलेजात कुणी विचारलं असतं तर मीही हेच उत्तर दिलं असतं.

"तं मंग? काय वाटते तुमाले?"

"मला अजून माहीत नाही," मी म्हणाले.

गिऱ्हाइकासमोर आमच्याकडे असं कुणी म्हणत नाही. काहीतरी म्हणायचं, एखादा पार्ट काढायचा, पुसायचा, परत बसवायचा. मालक मोठ्याने हसला. "घ्या! मॅडमलेच मालूम नाई!"

माझे कान तापले. मी वायर गुंडाळायला लागले. तेव्हा ऑपरेटरने हातातली पिशवी खाली ठेवली.

"भाऊ, त्यायले नाई मालूम तं त्या नाई मनून राह्यल्या. हो मनल्या असत्या तं तुमी मले आताच काढलं असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुमी घाई नोका करू. लागन तेवढा वेळ घ्या. मले कुठी जाची गडबड नाई." आणि स्वतःच्या भरलेल्या पिशवीकडे बघून तो स्वतःच हसला.

माझ्या एका शब्दावर ज्याचं काम राहणार की जाणार हे ठरणार होतं, त्याच माणसाने मला वेळ दिला. इतक्या वर्षांत उत्तर येत नसताना मला कुणी असं सांभाळून घेतलेलं आठवत नाही.  

मी बाजूला जाऊन आमच्या वर्कशॉपच्या सरांना फोन लावला.

"कोड काय?" त्यांनी विचारलं.

"डिझेलात पाणी."

"मग टाकी धू, फिल्टर बदल आणि ये. उद्या आपल्याला शेगावकडे जायचंय."

"सर, पाणी निघालं नाही."

"आज नाही, काल असेल."

"टाकी धुतली तर काल होतं की नव्हतं हे कधीच कळणार नाही, सर. आणि आपण इथून गेलो की तो माणूस चोर ठरेल. आपण टाकी धुतली म्हणजे पाणी होतंच, असं सगळे म्हणतील."

मी एवढं एका दमात बोलले याचं मला आश्चर्य वाटलं. त्यांनाही वाटलं असावं.

"सकाळचं बघायला पाहिजे म्हणतेस?"

"हो."

"उद्या गाडी नाही देता येणार. बसने जाशील?"

"जाईन."

"मग जा. शेगावचं मी बघतो. आणि काही बदलू नकोस. आधी बघ, मग हात लाव."

हे वाक्य ते मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ऐकवत होते. मुलगी आहे म्हणून त्यांनी मला कधी टेबलापाशी बसवून ठेवलं नाही, आणि मुलगी असून करते म्हणून कधी कौतुकही केलं नाही. दोन्हींसाठी मी त्यांची ऋणी आहे.

सकाळपर्यंत मशीनला कुणी हात लावू नये असं मी मालकाला सांगितलं. तो म्हणाला, "कोनी कशाले लावते? मीच झोपतो रातभर मशीनीपाशी. टाकीले कुलूप ठोकतो. मंग तं झालं?" त्याने खरोखर आतून कुलूप आणलं.

मी निघताना मालकाची आई बाहेर आली. उंच, सरळ पाठीची बाई. माझ्या काळ्या हातांकडे बघून म्हणाली, "पोरी, आत ये. हातपाय धू." आणि आत नेऊन न विचारता मागच्या अंगणातलं बाथरूम दाखवलं, दाराशी बादली भरून ठेवली आणि स्वतः दूर गेली. साइटवर दिवस काढणाऱ्या बाईला हे मागायला किती जड जातं ते तिला कसं कळलं कोण जाणे. मी कधीच मागत नाही. संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मी उतरले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंची तूर दवाने वाकली होती. मालक मोटरसायकल घेऊन थांबला होता, डोक्याला मफलर, डोळे लाल. मी मागे बसले. मग मान न वळवता म्हणाला, "डोयाले डोया लागला नाई रातभर."

"थंडी होती ना."

"थंडीचं काय हो. इचार येऊन राह्यले होते." थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाला, "मले बरं वाटते का मॅडम, तो चोर निंघाला तं? माही माय त्याले पोराच्या जागी मानते. त्याच्याबिगर जेवत नाई. पन मशीन खोटं काऊन बोलन? तिचं काय घेतलं त्यानं?"

 काल तो हसला म्हणून माझ्या मनात त्याच्याबद्दल जे साठलं होतं ते तिथेच कुठेतरी गळून गेलं.

पोकलेनच्या झाकणावर दव होतं, बोटाने रेघ ओढता येईल इतकं. टाकीचं कुलूप जागच्या जागी होतं. ऑपरेटर मशीनपासून बऱ्याच अंतरावर उभा होता, दोन्ही हात पाठीमागे धरून. कुठे हात लागला असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून तो तसा उभा आहे, हे मला बघताक्षणी कळलं. त्याची पिशवी त्याच्या पायाशीच होती.

"तुम्हीच सुरू करा," मी मालकाला म्हणाले.

त्याने चढून चाबी फिरवली. इंजिन धडधडलं, आणि थोड्याच वेळात ती बारीक शिट्टी वाजली.

"पाहा!" मालक केबिनमधून ओरडला. "लागला! लागला दिवा!"

ऑपरेटरने डोळे मिटले आणि उघडले. हात पाठीमागचे सोडले नाहीत.

मी इंजिन बंद करायला सांगितलं, चाबी मात्र चालू ठेवायला लावली, म्हणजे दिवा तसाच राहील. गाळणीचा नळ सोडला, बाटली भरली, उन्हात धरली. नुसतं डिझेल. आणखी एक बाटली घेतली. तीही तशीच. मालक खाली उतरून जवळ आला. रात्रभर तो स्वतः इथे झोपला होता, कुलूप त्याचं, चाबी त्याची. त्याला दुसरं काही म्हणायला जागा नव्हती.

"बाटली मनते नाई," तो हळू आवाजात म्हणाला, "अन् दिवा मनते हाय."

मग मी सेन्सरचा प्लग ओढून काढला. सेन्सर गाळणीत राहिला आणि त्याच्याकडे जाणारी वायर माझ्या हातात आली.

"काका, ही वायर बघा. आता ती कुठेच जोडलेली नाही. डिझेलशी तिचा काही संबंध उरला नाही. वर जाऊन दिवा बघून या."

तो चढला. "चालूच हाय."

खाली आला, माझ्या हातातली वायर निरखून पाहिली, पुन्हा चढला. "अबे, चालूच हाय ना हा!" तो कुणाला उद्देशून म्हणाला ते कळलं नाही. "हवेत तं टांगली हाय वायर. पाणी कुठून दिसून राह्यलं हिले?"

"डिझेलमधून नाही, एवढं नक्की. बिघाड या वायरीच्या टोकाला आहे. पाणी कधी नव्हतंच."

 तो केबिनच्या पायरीवरच बसला.

मी बॅटरीच्या उजेडात प्लगच्या आत पाहिलं. आत दोन बारीक पितळी टोकं असतात. त्यांच्यामध्ये काहीतरी लाल-पिवळं साचलं होतं, दवाने ओलसर झालेलं. प्लगवरचं रबर फाटलेलं होतं, तिथून ते आत गेलं असणार. पाण्यामुळे सेन्सरच्या टोकांमधून जसा करंट जातो तसाच तो या ओल्या लगद्यातून जात होता. दिवसा ऊन लागलं की लगदा सुकायचा आणि दिवा विझायचा. मी पांढऱ्या कापडाचं टोक आत फिरवलं. कापड लाल झालं.

ऑपरेटर केव्हा माझ्या बाजूला येऊन उभा राहिला ते मला कळलं नाही. त्याने कापड पाहिलं. मग मालकाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "ताई, पुसून टाका. ओल गेली मना. खोटं थोडंच हाय."

त्याला काहीतरी माहीत होतं, आणि ते त्याला सांगायचं नव्हतं. मी कापड मुठीत घेतलं.

"काय निंघालं?" मालकाने विचारलं.

"ओल गेली आहे आत."

"ओल कशाची?"

तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता तिचं लक्ष माझ्या मुठीकडे गेलं. बोटांच्या मधून लाल दिसत होतं.

"अवो माय! लागलं का पोरी? रगत हाय का हे? दाखव."

मला मूठ उघडावी लागली. "रक्त नाही आजी. काही लागलं नाही."

तिने कापड घेतलं, चिमटीत धरलं, नाकापाशी नेलं. मग उघड्या झाकणाकडे पाहिलं, गाळणीकडे पाहिलं.

"हे तं माह्यं कुंकू हाय," ती म्हणाली.

 ऑपरेटर जमिनीकडे बघत होता.

"दसऱ्याले तुमी दोघा भावायनं तिच्या बकेटीले झेंडूचे हार घातले," ती मुलाला सांगायला लागली. "नारळ फोडलं. म्या मनलं, हिचं तोंड सजवलं, पन हिचा जीव कुठी हाय? याले इचारलं. यानं झाकन उघडून देल्लं. म्या हळद-कुंकवाचा तांब्या घातला तिथी."

"माय! इंजिनावर?"

"मंग कुठी? पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांद शेकतो तवा शिंगाले हळद लावतो का आपन? जिथी भार घेते तिथी लावतो. हिचा भार कोन घेते? इंजिन घेते ना?"

  तिने बैलाला लावायची तीच माया मशीनला लावली होती, आणि जागाही विचारून, बरोबर निवडली होती. दसऱ्याला ऊन होतं, ते सुकून गेलं. थंडीत दव पडायला लागलं तेव्हा ते रोज सकाळी भिजू लागलं. हे मी तिला शक्य तितक्या हळू समजावलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. ऐकून झाल्यावर माझ्याकडे न बघता ती मुलाकडे वळली.

"आंघोळ म्या घातली अन् चोर हा झाला?"

"मले काय मालूम होतं माय?"

"तुले मालूम नव्हतं तं बोलला काऊन? ही शिकेल पोरगी, कालपासून नाई मालूम मनून राह्यली. तुले बरं पटकन मालूम झालं!"

"राहू द्या माय," ऑपरेटर म्हणाला. "झालं ते झालं."

"तू चूप राय. तुले मालूम होतं ना म्या पानी घातलं ते?"

"याच्यानं असं होते हे नव्हतं मालूम. आता पाह्यलं तवा समजलं."

"अन् पुसून टाका मनत असशीन तू. वळखत नाई का मी तुले." ती पुन्हा मुलाकडे वळली. "कोनाकोनासमोर मनलं याले चोर?"

"शेततळ्यावर. होते चार जन."

"मंग त्यायच्याच समोर सांगजो."

मी प्लग स्प्रेने धुतला, कापडाने टिपला, वाळवला, माझ्याजवळचं नवीन रबर बसवलं. वायर मोकळी असताना दिवा विझला आणि लॅपटॉपवर वेगळीच तक्रार आली, सेन्सर जोडलेला नाही म्हणून. ती खरी होती. प्लग जोडल्यावर तीही गेली. मालकाने इंजिन सुरू केलं. आम्ही सगळे शिट्टीची वाट बघत उभे राहिलो. दव तसंच होतं, सकाळ तीच होती, आणि काही वाजलं नाही.

मी चहा प्यायले. तो कधीच थंड झाला होता. मालकाच्या आईने दुसरा आणून दिला आणि विचारलं, पुढच्या वर्षी पूजा कशी करायची. मी म्हणाले, इंजिनाला कुंकवाचं बोट लावा, चालेल. पण कोरडं, आणि वरच्या झाकणाला. ती म्हणाली, "तूच ये मंग दसऱ्याले. कुठी लावाचं ते दाखवजो." मी हो म्हणाले. माझ्याकडून कुणाच्या घरी जायचा होकार इतक्या सहज जात नाही.

मालकाने इंजिन बंद केलं आणि चाबी काढून ऑपरेटरपुढे धरली. "घे. अर्धा गड्डा तसाच पडला हाय त्यायचा."

ऑपरेटरने हात पुढे केला नाही. "भाऊ, चाबी घेतो. पन शेततळ्यावर मी एकटा नाई जात. तुमी पुढं चला."

मालकाने आईकडे पाहिलं. ती कप गोळा करत होती. "चाल," तो म्हणाला.

शेततळं फार लांब नव्हतं आणि माझा रस्त्याकडे जायचा मार्गही तोच होता. पोकलेन साखळ्यांवर हळूहळू पांदणीने, शेतांमधल्या गाडीवाटेने, निघाली. पुढे मालक चालत होता, हातात बांबू, वाटेत लोंबणाऱ्या तारा वर उचलायला. मागे मी. एका शेतात बाया कापूस वेचत होत्या. त्यांतल्या एकीने विचारलं, "काय झालतं वो तुमच्या मशीनले?"

"काई नाई, वायर खराब होती," मालक म्हणाला आणि पुढे चालू लागला.

मागे पोकलेन थांबली. इंजिन चालू होतं, पण साखळ्या हलेनात. मालकाने वळून पाहिलं. ऑपरेटर काचेमागे शांत बसला होता, समोर बघत. मालक दोन पावलं मागे आला, कपाळावरचा मफलर वर सारला आणि बायांना म्हणाला, "डिझेलात पाणी नव्हतं. माही चूक झाली. पोराचा काई दोष नव्हता."

पोकलेन पुढे सरकली.

पुढच्या शेतात एक म्हातारा बांधावर बसला होता. त्याने काही विचारायच्या आधीच मालकाने त्याला सांगितलं. त्याच्या पुढच्याला जरा जास्त सांगितलं, आईचा तांब्याही त्यात आला. शेततळ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचा आवाज मोकळा झाला होता. शेततळ्याचा शेतकरी खड्ड्याच्या काठावर उभा होता, आणखी दोघं-तिघं होते, बहुतेक त्या दिवशीचेच. मालकाने बांबू जमिनीत रोवला.

"आयका," तो म्हणाला. "याले चोर मी मनलं होतं ना? तुमच्यासमोरच मनलं होतं. तं हा चोर नाई. माह्या मायनं इंजिनाले आंघोळ घातली, त्याच्यानं दिवा लागून राह्यला होता. मॅडमनं काढलं ते."

शेतकरी म्हणाला, "मले तं तवाच वाटलं होतं, हा असा नाई म्हून."

"तवा काऊन नाई बोलला बे मंग?"

सगळे हसले. काचेमागे ऑपरेटरही हसला, आणि त्याने केबिनचं दार उघडून शेतकऱ्याला विचारलं, "माती कोन्या बाजूले टाकू?"

शेतकऱ्याने हाताने बाजू दाखवली. बकेट वर गेली, वळली आणि खड्ड्याच्या काळ्या भिंतीत घुसली. इंजिनाचा आवाज भारी झाला, पण दबला नाही. मी थोडा वेळ उभी राहून तो ऐकला आणि मग बसच्या रस्त्याला लागले.